अठ्ठावीस लाखांच्या जमैकाने जगाला ठेका कसा दिला

प्रश्न असा होता: "जमैकाची लोकसंख्या 30 लाखांच्या आत, स्वीडनची जेमतेम 1 कोटी. एकटा महाराष्ट्र 2011 च्या जनगणनेतच 11 कोटींवर गेलेला. तरी जगभरच्या क्लबांत, रेडिओवर त्यांचं वाजतं, त्यांची नक्कल होते. आपलं का होत नाही? आपल्यात टॅलेंट कमी पडतं की मार्केटिंग?"

मी बरीच वर्षं मुंबईत रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतोय. सिनेमाची गाणी, जाहिराती, गणपतीच्या तोंडावर धडाधड येणारे भक्तिगीतांचे आल्बम, सगळं हाताखालून गेलंय. तेव्हा हे उत्तर अभ्यासकाचं समजू नका, फेडरवर (मिक्सरवरच्या आवाज वर-खाली करायच्या सरकत्या खुंट्यांवर) बोटं ठेवून बसणाऱ्याचं समजा.

टॅलेंटचं आधी निकालात काढू. सुरात गाणारी आणि लयीला पक्की माणसं कुठल्याही तालुक्यात सापडतात, यात कुठल्या देशाचा मक्ता नाही. मार्केटिंगने एखादं गाणं महिनाभर गाजवता येतं. पण परक्या देशातल्या संगीतकाराने ते ऐकून स्वतःचं काही बांधायला घ्यावं, हे पैसे ओतून होत नाही. आणि प्रश्नातला 'नक्कल होते' हा भागच खरा कळीचा आहे.

ब्राझीलमधला, घानामधला किंवा सांगलीतला एखादा पोरगा लॅपटॉप उघडून बीट बांधायला बसतो, तेव्हा तो कुणाची कुठली वस्तू उचलून सुरुवात करतो, यावर मी प्रभाव मोजतो. अख्खं गाणं उचललं तर वकिलाची नोटीस येते. चाल उचलली तर दोन ओळींत पकडली जाते. शब्द भाषेच्या वेशीवरच अडतात. बिनबोभाट उचलता येतो तो ठेका, आवाजाचा पोत आणि काम करायची पद्धत. ज्या देशाचं संगीत असं सुटं करून नेता येतं, त्याचा प्रभाव पडतो. माझं म्हणणं एवढंच आहे. ते कसं घडतं हे जमैकात जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही, म्हणून तिथेच जरा जास्त वेळ थांबतो.

दुसऱ्या महायुद्धानंतरचं किंगस्टन. राज्य अजून ब्रिटिशांचं, स्वातंत्र्य मिळालं ते 6 ऑगस्ट 1962 ला. गरिबाच्या घरी ग्रामोफोन नाही आणि हॉटेलात बँड ऐकायला जायची ऐपत नाही. मग कुणीतरी ॲम्प्लिफायर, कपाटाएवढे स्पीकरचे खोके आणि रेकॉर्डींची पेटी घेऊन मोकळ्या पटांगणात उभं राहायचं, दारावर तिकीट लावायचं आणि आत बिअर विकायची. याला साउंड सिस्टिम म्हणतात. यातला ड्यूक रीड हा आधी पोलिसात होता, मग दारूच्या दुकानाचा मालक झाला. त्याचा प्रतिस्पर्धी क्लेमेंट 'कॉक्सन' डॉड अमेरिकेत ऊसतोडीला जाऊन आलेला, येताना तिकडच्या रिदम अँड ब्लूजच्या रेकॉर्डी घेऊन आला. न्यू ऑर्लिन्स आणि मायामीची रेडिओ स्टेशनं रात्री किंगस्टनमध्ये लागायची, त्यामुळे लोकांच्या कानाला तेच वळण पडलेलं.

धंद्याचं गणित सरळ होतं. लोक नाचले की घाम येतो, घाम आला की बिअर खपते. गाणं पडलं की गर्दी पलीकडच्या गल्लीतल्या सिस्टिमकडे चालू लागते आणि तिचा आवाज तुमच्या पटांगणापर्यंत येतच असतो. म्हणजे प्रत्येक तीन मिनिटांनी परीक्षा आणि निकाल जागच्या जागी. स्पर्धा इतकी जीवघेणी की ही मंडळी रेकॉर्डीवरचं लेबल खरवडून टाकायची, म्हणजे दुसऱ्याला गाण्याचं नाव कळू नये. कॉक्सनने आपल्या सलामीच्या गाण्याचं नावच बदलून ठेवलं होतं. ती मुळात अमेरिकन सॅक्सोफोनवादक विलिस जॅक्सनची रेकॉर्ड आहे हे ड्यूक रीडने शोधून काढलं आणि कॉक्सनची फजिती केली.

1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रॉक अँड रोलचा जोर झाला. किंगस्टनच्या पटांगणाला ते मानवेना, आणि जुन्या धाटणीचा माल तिकडून येणं कमी झालं. तेव्हा या लोकांनी ठरवलं, आपणच वाजवून घेऊ. कॉक्सनने 1963 मध्ये ब्रेंटफर्ड रोडवर स्टुडिओ वन काढला. ड्यूक रीडने आपल्या दारूच्या दुकानाच्या माडीवर ट्रेझर आइल थाटला. जमैकात रेकॉर्ड कंपन्या काढल्या त्या स्पीकरवाल्यांनी, हे नीट लक्षात घ्या. रेकॉर्ड केलेलं गाणं आधी एका मऊ ॲसिटेटच्या तबकडीवर कापायचं (तिला डबप्लेट म्हणतात), रात्री पटांगणात लावून बघायचं, लोकांनी "परत लाव" म्हणून ओरडा केला तरच ते छापायला टाकायचं.

आपल्याकडे गाणं पास कोण करतं? दिग्दर्शक, निर्माता आणि म्युझिक कंपनीचा माणूस. तिघेही एसीत, खुर्चीत बसलेले आणि बऱ्याचदा लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकणारे. त्या स्पीकरला बेस नसतोच. मग मला निरोप येतो, "व्होकल थोडा वर घ्या." वीस-वीस व्हायोलिनं मागे ढकलून मी व्होकल वर घेतो. पोटाची खळगी आहे.

पटांगणात मात्र उलट होतं. उघड्यावर, शेकडो माणसांच्या गलक्यात, कपाटाएवढ्या खोक्यांतून जे पोटात जाऊन बसतं ते म्हणजे ड्रम आणि बेस. म्हणून जमैकाच्या गाण्यात बेस गिटार पुढे आली आणि चाल जणू तीच गाऊ लागली. गिटार आणि ऑर्गनला काम उरलं ते मधल्या फटीत कटकट वाजायचं. गर्दीला नवं हवं म्हणून ठेकेही भराभर बदलले. 1960 च्या सुरुवातीला स्का, 1966 च्या सुमारास सावकाश होऊन रॉकस्टेडी, 1968 पर्यंत रेगे.

रेगेचा 'वन ड्रॉप' नावाचा ठेका हाताने वाजवून बघा. एक-दोन-तीन-चार मोजा. आपण सवयीने एकवर जोर देतो, कारण सम तिथे. त्या एकवर काहीच वाजवू नका. बेस ड्रम आणि स्नेअरच्या कडेवरची काठी, दोन्ही मिळून फक्त तीनवर पडतात. दोन आणि चारवर गिटारची छोटी कात्री. एवढंच. पण एक रिकामा ठेवल्यामुळे ऐकणाऱ्याचं अंग ती जागा स्वतः भरून काढतं, आणि नाच तिथूनच सुरू होतो. आमच्या एका कीबोर्डवाल्या मित्राला हे वाजवायला सांगितलं तर त्याचा डावा हात दर आवर्तनाला समेवर पडायचाच. वर्षानुवर्षं केरवा वाजवलेला हात, तो ऐकेना.

आता हे वाजवणारे आले कुठून, हा प्रश्न लोक विसरतात. किंगस्टनमध्ये अल्फा बॉइज स्कूल होतं. अनाथ, वाया गेलेल्या किंवा आईबापांना पोसवत नसलेल्या मुलांची शाळा, कॅथलिक नन चालवायच्या. तिथे सुतारकाम, शिवणकाम शिकवायचे तसा ब्रास बँडही शिकवायचे. सिस्टर मेरी इग्नेशियस नावाच्या नन मुलांसाठी जॅझच्या रेकॉर्डी जमवायच्या आणि स्वतः लावून ऐकवायच्या. स्काचा सगळ्यात नामांकित बँड म्हणजे 1964 चा स्कॅटलाइट्स. त्याच्या संस्थापकांपैकी टॉमी मॅकूक, डॉन ड्रमंड, जॉनी मूर आणि लेस्टर स्टर्लिंग हे चौघे याच शाळेतले. ट्रॉम्बोन विकत घेणं गरिबाच्या पोराच्या सात पिढ्यांत शक्य नसतं. तो फुकट हातात आला, नोटेशन वाचायला शिकवलं आणि बाहेर पटांगणाने रोजगार तयार ठेवलेला. नुसती शाळा असती तर पोलीस बँडपलीकडे मजल गेली नसती, आणि नुसती पटांगणं असती तर अमेरिकन रेकॉर्डीच वाजत राहिल्या असत्या.

माझ्या धंद्यातल्या माणसाला ज्याचं नाव घेताना कान पकडावेसे वाटतात तो ऑस्बर्न रडॉक, ऊर्फ किंग टबी. हा मूळचा रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा माणूस. 1960 च्या दशकाच्या अखेरीस स्पॅनिश टाउनच्या रडी रेडवुड या सिस्टिमवाल्यासाठी डबप्लेट कापताना गायकाचा ट्रॅक चढवायचा राहून गेला, असं सांगतात. रेडवुडने रात्री तीच लावली आणि अख्खं पटांगण स्वतः गाऊ लागलं. तेव्हापासून तबकडीच्या मागच्या बाजूला गायकाविना तेच गाणं द्यायची पद्धत पडली. तिला 'व्हर्जन' म्हणतात. टबीने हे फार पुढे नेलं. वॉटरहाउस वस्तीतल्या आपल्या घरात त्याने एका मोठ्या स्टुडिओने काढून टाकलेलं चार ट्रॅकचं मिक्सर बसवलं. चारच ट्रॅक. गायकाचा फेडर तो एका शब्दानंतर खाली ओढायचा, त्या शब्दाची शेपटी टेपच्या एकोत फिरत राहायची, तेवढ्यात गिटार गायब, नुसता बेस आणि ड्रम, मग फिल्टरची खुंटी फिरवून हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांज) पातळ करत नेऊन एकदम सगळं परत. हे सगळं टेप चालू असताना, हाताने. मिक्सर हेच वाद्य झालं. आज जगात जिथे जिथे 'रीमिक्स' म्हणून काही निघतं, तिथे या दुरुस्तीवाल्याचं ऋण आहे.

गायकाविना व्हर्जन मोकळी झाली की तिच्यावर बोलणारे आले. यू-रॉयसारखे लोक टबीच्या सिस्टिमवर माइक घेऊन ठेक्यात बोलायचे. एकाच वाद्यसंगीताच्या पट्टीवर (तिला 'रिडिम' म्हणतात) दहा-वीस जणांनी वेगवेगळी गाणी म्हणायची, याचं तिथे कुणाला वावडं नव्हतं. कायदाही आड येत नव्हता. 1911 चा जुना ब्रिटिश कॉपीराइट कायदा नावाला होता, देशाचा स्वतःचा कायदा 1993 मध्ये आला. वाद्यसंगीत म्हणजे सार्वजनिक विहीर, ज्याने त्याने आपापला पोहरा सोडावा.

या मोकळेपणाची किंमत कुणी मोजली तेही सांगतो. वाजवणाऱ्यांना गाण्यामागे ठरलेली बिदागी मिळायची, पुढे ते गाणं शंभर वेळा वापरलं गेलं तरी त्यांच्या हाती काही पडायचं नाही. देशाचा प्रभाव पडला म्हणजे देशातल्या वादकाचं घर चाललं असं समजू नका. या दोन गोष्टी बऱ्याचदा एकमेकींच्या विरुद्ध जातात.

एवढं सगळं असूनही जमैका बेटावरच राहिलं असतं. बाहेर जायचा रस्ता माणसांनी केला. 22 जून 1948 ला एम्पायर विंडरश बोटीतून कॅरिबियन प्रवासी इंग्लंडच्या टिलबरी बंदरात उतरले. पुढच्या दीड दशकात हजारो जमैकन लंडन, बर्मिंगहॅम, ब्रिस्टलला गेले आणि पाठोपाठ तिथल्या तळघरांत साउंड सिस्टिम गेल्या. आयलंड रेकॉर्ड्सचा ख्रिस ब्लॅकवेल 1962 मध्ये कंपनी घेऊन लंडनला गेला. 1964 मध्ये त्याने मिली स्मॉलकडून गाऊन घेतलेलं 'माय बॉय लॉलीपॉप' ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. 1973 च्या 'कॅच अ फायर' या वेलर्सच्या (बॉब मार्लीच्या बँडच्या) आल्बमच्या किंगस्टनमधल्या टेप त्याने लंडनला नेऊन त्यावर वेन पर्किन्स या अमेरिकन गिटारवादकाची रॉक धाटणीची गिटार चढवली. रेगेचे सोवळे रसिक यावर अजून नाक मुरडतात. मला विचाराल तर ते मिक्स उत्तम आहे; गोऱ्या पोरांच्या कानात शिरायला जेवढी फट हवी तेवढीच त्याने केली, बेसला धक्का लावला नाही.

पण खरी मजा अमेरिकेत झाली. किंगस्टनला जन्मलेला क्लाइव्ह कॅम्बेल 1967 मध्ये, बाराव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये राहायला गेला. 11 ऑगस्ट 1973 ला त्याने आणि बहिणीने 1520 सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. हाच डीजे कूल हर्क. हिपहॉपचा जन्म त्या रात्रीपासून मोजतात. त्याने तिकडे जमैकन रेकॉर्डी लावून बघितल्या होत्या, ब्रॉन्क्सच्या पोरांनी ढुंकून पाहिलं नाही. मग त्याने जेम्स ब्राउन आणि फंक लावलं, पण चालवलं किंगस्टनच्या रीतीने: प्रचंड स्पीकर, माइकवर बोलणारा माणूस, आणि ज्या तुकड्यावर लोक नाचतात तेवढाच तुकडा दोन टर्नटेबलांवर आलटून पालटून लांबवायचा. गाणी बेटावर राहिली, रीत गेली. मी म्हणतो तो प्रभाव हाच.

दुसरी वाट पनामाहून गेली. कालवा खणायला गेलेल्या जमैकन मजुरांची नातवंडं तिथे रेगेवर स्पॅनिशमध्ये बोलू लागली. जमैकाच्या स्टीली आणि क्लीव्ही या जोडीने 1989 मध्ये बांधलेला एक ठेका, शाबा रँक्सच्या 'डेम बो' या गाण्यामुळे 'डेंबो' नावाने ओळखला गेलेला, पनामा आणि न्यूयॉर्कमार्गे प्वेर्तो रिकोला पोचला आणि रेगेटॉनचा कणा झाला. टाळी देऊन बघा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन, प्रत्येक 'एक'वर टाळी. गेल्या वीस वर्षांतली अर्धी स्पॅनिश गाणी या एका टाळीवर उभी आहेत. 2021 मध्ये त्या जोडीच्या बाजूने अमेरिकेत दावा दाखल झाला आणि पुढे त्यात शंभराहून जास्त कलाकारांना ओढलं गेलं. विहिरीच्या पाण्याचं बिल तीस वर्षांनी निघालं म्हणायचं.

उलट दिशेचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1985 मध्ये किंग जॅमीने वेन स्मिथकडून 'अंडर मी स्लेंग टेंग' गाऊन घेतलं आणि जमैकाचं संगीत रातोरात डिजिटल झालं. त्याचा अख्खा ठेका कॅसिओच्या एमटी-40 या स्वस्त कीबोर्डमधला तयार बटणाचा, फक्त सावकाश केलेला. ते बटण बनवलं होतं ओकुदा हिरोको या जपानी तरुणीने, आणि तिने कॉलेजात अभ्यासाचा विषय घेतला होता रेगे!

स्वीडनचं गणित वेगळं दिसतं, पण खोलात तेच आहे. पटांगणाऐवजी तिथे सरकारी संगीतशाळा: जवळजवळ प्रत्येक नगरपालिकेची, नाममात्र फीमध्ये वाद्य हातात देणारी. अमेरिकन पॉपची ढीगभर हिट गाणी बांधणारा मॅक्स मार्टिन तिथेच फ्रेंच हॉर्न शिकला आणि आपण आज जे काही आहोत ते सार्वजनिक संगीतशिक्षणामुळे, असं त्याने उघड म्हटलंय. घरचं गिऱ्हाईक थोडं, म्हणून पहिल्यापासून डोळा बाहेर. 6 एप्रिल 1974 ला ब्रायटनला युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेत 'ॲबा' हा स्वीडिश गट जिंकला तो इंग्रजीत गाऊन. मॅक्स मार्टिनचा गुरू डेनिझ पॉप वाद्य वाजवणारा नव्हता, तो क्लबमधला डीजे. नाचणाऱ्यांचे पाय कुठे थांबतात हे त्याला ठाऊक. त्याने एस ऑफ बेस या स्वीडिश गटाचं 'ऑल दॅट शी वॉन्ट्स' बांधलं ते 1992 मध्ये, आणि त्याचा ठेका ऐका: सरळ रेगे. स्वीडिश लोकांनी जगाला दिली ती गाणं बांधायची कारागिरी, आणि ती इतकी सुटी की त्यावर गायला कुणीही चालतं, अमेरिकन मुलगी किंवा कोरियन मुलांचा गट. दक्षिण कोरियाच्या कंपन्या आजही स्वीडिश गीतकारांकडून भरपूर गाणी घेतात. कोरियाबद्दल 'सरकारने केलं' असं सर्रास म्हणतात. 1997 च्या आर्थिक संकटानंतर सरकारने या उद्योगाला हात दिला हे खरं, पण पोरांना वर्षानुवर्षं घासून तयार करायचा साचा खासगी कंपन्यांनी त्याआधीच ओतलेला होता. सरकारी पैशाने ठेका जन्माला येतो यावर माझा विश्वास नाही.

मग आपलं काय? "आपलं कुठे वाजत नाही" हे अर्धंच खरं. हिंदी सिनेमाची गाणी सोव्हिएत रशियात घराघरांत गेली. 1950-60 च्या ग्रीसमध्ये आपल्या चालींवर ग्रीक शब्द बसवून गाणी निघाली. उत्तर नायजेरियात कानो शहरात हौसा भाषेत तेच झालं. इंडोनेशियाच्या डांगडुट या अफाट लोकप्रिय प्रकारात हिंदी सिनेमाचा तबला आणि बासरी सरळ ऐकू येते. आपण लंडन-न्यूयॉर्ककडे बघत बसतो म्हणून हे मोजत नाही.

आणि अल्फा स्कूलसारखी गोष्ट आपल्या उंबऱ्यावर होती. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांत गरीब घरच्या पोरांना व्हायोलिन आणि स्टाफ नोटेशन शिकवायचे. तिथली पोरं मुंबईला आली आणि सिनेमाचा ऑर्केस्ट्रा त्यांनी उभा केला. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी 1951 च्या 'अलबेला'त 'शोला जो भडके' केलं तेव्हा ट्रम्पेटला गोव्याचा चिक चॉकलेट होता. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. त्याच प्यारेलाल यांनी लक्ष्मीकांत कुडाळकरांबरोबर केलेल्या 'एक दूजे के लिए'मधल्या (1981) 'तेरे मेरे बीच में'च्या व्हायोलिनचा तुकडा दोन स्वीडिश निर्मात्यांनी उचलला, आणि त्यावर उभं राहिलं ब्रिटनी स्पिअर्सचं 'टॉक्सिक'. जगभर त्या गाण्याची ओळख म्हणजे ती व्हायोलिनची किंकाळी.

म्हणजे उचलण्याजोगा माल होता. पण तो बाहेरच्याने शोधून काढावा लागला, कारण आपण गाणं सुटं होईल असं बांधतच नाही. आपलं गाणं सिच्युएशनसाठी जन्मतं. त्यात मुखडा, दोन इंटरल्यूड, तीन ठेके बदलतात, ऐंशी ट्रॅक असतात, आणि मालकी निर्मात्याकडून म्युझिक कंपनीकडे जाते. संगीतकार-गीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कायद्याने पक्का झाला तोसुद्धा 2012 च्या दुरुस्तीनंतर. घरचं गिऱ्हाईक इतकं अवाढव्य की बाहेर बघायची कुणाला गरज नाही. बाहेर जातं ते सिनेमाच्या पाठीवर बसून, आणि सिनेमा जिथे पोचत नाही तिथे गाणंही पोचत नाही.

याला अपवाद पंजाबी. साउथॉल आणि बर्मिंगहॅमला कामगार म्हणून गेलेली वस्ती, दर शनिवारी लग्नाचे हॉल, ढोलाचा एकच ओळखू येणारा ठेका, आणि शेजारी जमैकन. बर्मिंगहॅमच्या अपाचे इंडियनने 1990 च्या दशकात रेगे आणि भांगडा एकत्र केला. पंजाबी एमसीच्या 'मुंडियां तो बच के'वर 2003 मध्ये जे-झी येऊन रॅप करून गेला. मराठी माणूस परदेशात गेला तो बहुतेक इंजिनिअर-डॉक्टर म्हणून, आणि मंडळाच्या कार्यक्रमात खुर्चीवर बसून नाट्यगीत ऐकू लागला. त्यात वाईट काही नाही, मीही ऐकतो. पण खुर्चीवर बसलेल्या श्रोत्यांतून जगाला पुरेल असा ठेका निघत नाही.

पटांगण मात्र आपल्याकडे आहे. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात त्याला 'डॉल्बी' म्हणतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेले बेस आणि टॉप, मागे जनरेटर, समोरासमोर आलेली दोन मंडळं आणि कुणाच्या बेसने समोरच्याचा आवाज गिळला याची चढाओढ. हे 1950 च्या किंगस्टनचं सख्खं भावंड आहे. त्यासाठी घरोघरी लॅपटॉपवर 'हलगी मिक्स', 'संबळ मिक्स' करणारी पोरं आहेत, आणि त्यांच्यातल्या काहींचा लो-एंड (बेसचा, खालच्या आवाजाचा भाग) माझ्या ओळखीच्या भल्या भल्या स्टुडिओवाल्यांपेक्षा जास्त पक्का असतो. आवाजाच्या पातळीचा आणि रात्री दहाच्या नियमाचा प्रश्न खरा आहे. म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडधड होते, काचा तडकतात, त्याचं समर्थन मी करणार नाही. जमैकानेही 1997 मध्ये आवाजावर कायदा केलाच.

अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी. ही पोरं दुसऱ्याच्या हिट गाण्याखाली हलगी घालतात. किंगस्टनने 1960 च्या आसपास जी उडी मारली, की आता माल आपणच वाजवून घ्यायचा, ती आपल्या डॉल्बीने अजून मारलेली नाही. मिक्स गाजतं, पण त्यावरचं गाणं कंपनीचं असल्याने यूट्यूबवर ते केव्हाही उडतं, आणि करणाऱ्याच्या नावावर काहीच राहत नाही. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर सांगतो. एखादा चांगला हलगीवाला किंवा संबळवाला बोलवा, त्याला योग्य पैसे द्या, एक माइक जवळून आणि एक लांबून लावून स्वच्छ रेकॉर्ड करा. त्यावर स्वतःचा बेस बांधा. गायकाविना, पाच-सहा मिनिटांचा, बीपीएम (मिनिटाला किती ठोके) नावातच लिहून सोडा. वाजवणाऱ्याचं नाव तुमच्या नावाशेजारी द्या आणि आयपीआरएसमध्ये (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत) नोंदणी करा. मग कुणीही त्यावर गाऊ दे, मराठीत, कन्नडमध्ये किंवा पोर्तुगीजमध्ये. मिक्सिंगला अडचण आली तर फाइल पाठवा, किकला (बेस ड्रमच्या ठोक्याला) आणि हलगीच्या थापेला एकमेकांच्या वाटेतून कसं बाजूला करायचं ते मी फुकट बघून देईन.